जलदेवतेचा प्रश्न आणि जास्तीचे खोके

प्रामाणिक लाकूडतोड्याची कथा मराठीत इतकी मुरली आहे की ती मूळची इसापची, आणि तिच्यातला नदीतून कुऱ्हाड काढून देणारा देव ग्रीकांचा हर्मीस, हे बहुतेकांच्या ध्यानातही नसते. सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापनीती मराठीत आणली. पुढे शाळेच्या वाटेने इसाप घरोघरी पोहोचला आणि हर्मीसच्या जागी जलदेवता आली. रूपांतर म्हणजे कथेचा गाभा राखून तिची माणसे, वस्तू आणि ठिकाण बदलणे. ते या कथेच्या वाट्याला पूर्वीच आलेले आहे.

भिवंडी तालुक्यातील काल्हेरच्या मुलांसाठी हीच कथा नव्याने लिहायची झाल्यास खाडी हाताशी आहे, आणि जुन्या ठाणे-भिवंडी रस्त्यालगतची गोदामेही आहेत. त्यामुळे लाकूडतोड्याचा हमाल आणि कुऱ्हाडीचा, गोण्या ओढण्याचा लोखंडी आकडा करावा, असे सहज सुचते. परंतु गोदामात आता पुठ्ठ्याची खोकी अधिक येतात, आणि खोक्याला आकडा लावला तर आतला मालच फाटतो, हे तिथल्या कोणत्याही पोराला ठाऊक असते. वस्तूंची अदलाबदल करून भागवणारा लेखक इथेच उघडा पडतो.

खरी अडचण याहून खोल आहे. मूळ कथेत देवता सोन्याची कुऱ्हाड दाखवून विचारते, ‘ही तुझी का?’ आणि त्या प्रश्नामुळेच खरे बोलण्याची वेळ येते. गोदामात मात्र गाडी खाली करताना खोकी चलनाशी, म्हणजे मालाबरोबर आलेल्या नगांच्या कागदाशी, ताडून पाहतात. एक कमी भरले तर विचारणा होते, पण एक जास्त निघाले तर विचारायला कोण येणार? वर कॅमेरा असतो खरा. मात्र त्याच्या धाकाने खोके परत करणाऱ्याला प्रामाणिक म्हणणे जरा धाडसाचेच ठरेल. म्हणून नव्या कथेतून कॅमेरा वगळावा लागेल.

आता उरतो कथेच्या शेवटाचा प्रश्न: कोणती गोष्ट ऐकून मुले खरे बोलतात? मानसशास्त्रज्ञ कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३ ते ७ वर्षांच्या मुलांना मनाई असलेल्या खेळण्याकडे चोरून पाहण्याचा मोह घातला, गोष्ट वाचून दाखवली आणि मग खरे काय ते विचारले. ‘लांडगा आला रे आला’ आणि पिनोकिओ यांचा उपयोग झाला नाही. चेरीचे झाड तोडल्याचे कबूल करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा झाला, कारण तिथे खरे बोलणाऱ्या मुलाचे वडील कौतुक करतात. ही गोष्ट वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर, १८०६ मध्ये, चरित्रकार वीम्सने चरित्रात घातलेली असून बहुधा रचलेली आहे, हा त्यातला विनोद.

कौतुक आणि बक्षीस मात्र एक नव्हे. लाकूडतोड्याला स्वतःच्या कुऱ्हाडीबरोबर सोन्याची आणि चांदीचीही मिळताच सचोटीचा सौदा होतो, आणि तो सौदा सर्वांत आधी ओळखतो तो मुद्दाम कुऱ्हाड पाण्यात टाकणारा दुसरा लाकूडतोड्या. काल्हेरच्या कथेत हमालाने ‘एक नग जास्त’ असे सांगितल्यावर मोजणी पुन्हा व्हावी, गाडी अडकावी, सोबत्यांनी कुरकुर करावी, आणि मुकादमाने त्याच्या शब्दावर पुढची मोजणी सोपवावी. सोन्याचे काही देऊ नये. दुसऱ्या लाकूडतोड्याला मात्र गाळू नये. उद्या तोही आपल्याच हाताने एक खोके जास्तीचे ठेवून मुकादमाकडे धावत जाईल, आणि तो पकडला जावा की नाही हे मुलांनी वर्गात भांडून ठरवावे.