अंगण वाकडे असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या जिभेवर असते. स्वतःच्या उणिवेचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडणारास गप्प बसवण्याचे तिच्यासारखे दुसरे साधन नाही, आणि दहांपैकी नऊ वेळा ती योग्य ठिकाणीच बसते हेही खरे. परंतु म्हण रचणाराने एक गोष्ट गृहीत धरली आहे. अंगण सरळच असणार, हे त्याने मोजून पाहिलेले नाही. दहाव्या वेळी अंगण खरोखरच वाकडे असेल तर काय करावे, याविषयी म्हण मुग्ध आहे; आणि ज्याला ती ऐकवली जाते तो बहुधा वयाने किंवा मानाने लहान असल्यामुळे त्यालाही मुग्धच राहावे लागते. शिकणारास एखादी विद्या साधत नसेल, तेव्हा उणीव त्याच्या अंगी आहे की त्याच्या हाती दिलेल्या साधनात आहे, हे कोणी आणि कसे ठरवावे, हा प्रश्न दिसतो त्याहून गंभीर आहे असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

त्याला निमित्त घडले ते घरगुतीच. बुलढाण्यास आमची एक अकरा वर्षांची भाची राहते. तिला गिटार शिकण्याची हौस होती. वडिलांनी नागपुराहून चांगले, पुऱ्या मापाचे वाद्य आणले. मुलांचे कपडे जसे आपण वाढत्या अंगाचे शिवतो, तसेच हेही वाढत्या अंगाचे घेतलेले बरे, म्हणजे पुन्हा खर्च नको, असा त्यांचा हिशेब होता. मध्यम स्थितीच्या कोणत्याही घरात तो शहाणपणाचाच मानला जाईल. दोन महिन्यांनी शिकवणाऱ्या गृहस्थांनी मुलीचा हात आपल्या तळहातावर ठेवून पाहिला आणि मोठ्या ममतेने सांगितले, “बोटे आखूड आहेत हो हिची. हिला गाणे शिकवा.” आजी म्हणाली, हाताची पाची बोटे सारखी नसतात, तशी माणसेही नसतात. त्या वेळी आम्ही तेथे होतो. आम्हीही मान हलवली. गिटार खोळीत घालून कपाटावर गेले, आणि मुलगी काही न बोलता आत गेली.

या प्रसंगात दुष्ट असे कोणीच नव्हते, आणि हेच आम्हांस पुढे टोचू लागले. ज्या निर्णयात कोणाचाही राग किंवा द्वेष नसतो, तो निर्णय निसर्गानेच दिला असे सर्वांस वाटते, आणि निसर्गाविरुद्ध दाद कोणाकडे मागणार? म्हणून काही दिवसांनी आम्ही शिंप्याची टेप आणि पट्टी घेऊन ते वाद्य खाली काढले.

गिटारीची तार वरच्या आटीपासून खालच्या घोडीपर्यंत सुमारे ६५० मिलिमीटर लांब असते. दांडीवरील पडदे सतारीसारखे सरकवता येत नाहीत. ते पक्के बसवलेले असतात, आणि आटीपाशी त्यांच्यामधील अंतर सर्वांत अधिक असून घोडीकडे जावे तसतसे ते कमी होत जाते. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर सुमारे ९८ मिलिमीटर भरते. तेच पाचव्यापासून आठव्यापर्यंत केवळ ७७. आमच्या भाचीची तर्जनी व करंगळी ताणून ९० मिलिमीटरपर्यंत पोहोचत होत्या. म्हणजे जेथे नवशिक्याला प्रथम बसवतात, नेमक्या त्याच जागी तिचा हात आठ मिलिमीटर उणा पडत होता. हातभर पुढे सरकताच तोच हात पुरून उरत होता. बाजारात सुमारे ५८० मिलिमीटर तारेची लहान गिटारे मिळतात. त्यांवर पहिले अंतर ८७ मिलिमीटर होते. एका मुलीस संगीताच्या एका दालनाबाहेर ठेवणारी निसर्गाची ती अढळ भिंत मोजू गेले तर बोटाच्या पेराएवढीही जाड नव्हती.

आता हे ६५० मिलिमीटर कोठून आले? ते वेदवाक्य नव्हे. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) नावाचा कुशल कारागीर होऊन गेला. त्याच्या गिटारींचा नाद लोकांस आवडला, पुढील कारागिरांनी त्याचा कित्ता गिरवला, आणि एका माणसाचे माप जगाचे माप झाले. पियानोचीही कथा अशीच आहे. आजच्या पियानोवर एका सप्तकाची रुंदी सुमारे १६५ मिलिमीटर असते. अठराव्या शतकातील कित्येक वाद्यांच्या पट्ट्या याहून अरुंद होत्या. जोसेफ हॉफमन (१८७६–१९५७) हा जगद्विख्यात पियानोवादक. त्याचे हात लहान होते, म्हणून स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. हॉफमनला कोणी ‘अंगण वाकडे’ म्हणून हिणवल्याचे आम्ही वाचलेले नाही. कीर्तिमंताचा हात लहान पडला तर वाद्य बदलते. पोराचा हात लहान पडला तर पोर बदलले पाहिजे, असा हा न्याय आहे.

हा न्याय आपल्या परंपरेचा आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्याच जिल्ह्यात घाटाखाली शेगावाहून संत गजानन महाराजांची पालखी आषाढीस पंढरपुरास निघते. दिंडीत लहान मुलाच्या हाती लहान टाळ देतात. हात मोठा झाल्यावर ये, असे त्यास कोणी सांगत नाही. त्या पंढरपुराच्या परिसरात पिकणारे भोपळे मिरजेस जातात, आणि तेथील कारागीर त्यांचे तंबोरे घडवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यात, हा धंदा चालत आला आहे. पाची बोटे जशी सारखी नसतात, तसे भोपळेही नसतात. कारागीर भोपळा पाहून तंबोरा योजतो. शिवाय पुरुषांच्या स्वरासाठी मोठा तंबोरा आणि स्त्रियांच्या स्वरासाठी लहान तंबोरा अशी सोय त्यांच्याकडे आहेच. लहान तंबोरा घेऊन बसलेल्या गायिकेने कलेत सवलत घेतली असे आजवर कोणत्याही रसिकास वाटलेले नाही. गळ्याचे माप वाद्याने मानावे आणि हाताचे मात्र मानू नये, याला आधार काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. विद्या ही माणसास वाकवते म्हणूनच ती विद्या. सर्वच साधने शिकणाराच्या सोयीने कापून दिली तर त्याला साधना करण्यास उरले काय? आमचे उत्तर असे की, वाद्याच्या ठिकाणी दोन प्रकारच्या अडचणी एकत्र नांदतात. काही अडचणी संगीताच्या असतात आणि काही लाकडाच्या. सूर नेमका लागणे, लय न सुटणे, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला धागा न तुटणे, या संगीताच्या अडचणी; त्या तसूभर कमी करू नयेत. दांडी किती लांब असावी ही लाकडाची अडचण. ती दूर केल्याने स्वर स्वस्त होत नाही. लहान गिटारावरही बोटांची टोके तितकीच दुखतात, आणि चुकलेला ठोका तितकाच चुकलेला ऐकू येतो. ज्या गुरूला या दोहोंतील भेद दिसत नाही, तो शिस्त शिकवतो आहे असे त्यास वाटते, पण प्रत्यक्षात तो सुताराची चाकरी करत असतो.

मात्र या उत्साहाच्या भरात दुसरे असत्य बोलण्याचाही मोह होतो. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणून मुलीच्या पाठीवर थाप मारावी आणि मोठेच वाद्य पुन्हा तिच्या मांडीवर ठेवावे, हे दिसते उदार, पण तेही निष्ठुरच. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान (१८१०–१८५६) याचे उजव्या हाताचे बोट तरुणपणीच निकामी झाले आणि पियानोवादक होण्याची त्याची आशा संपली. बोटे बळकट करण्याचे एक यंत्र तो वापरीत असे. हानी त्यामुळेच झाली की अन्य कारणाने, यावर मतभेद आहेत, पण हाताला हुकूम सोडून हात वाढत नाही एवढे त्यावरून कळते. आखूड बोटांना काही स्वरसमूह पोहोचणार नाहीत, हे शिकणारास स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याबरोबरच पुढचेही सांगितले पाहिजे: अंगठा दांडीच्या वर न आणता मागे ठेवला तर पंजा अधिक उघडतो, कॅपो नावाचा चिमटा दांडीवर लावला की अरुंद पडद्यांपासून आरंभ करता येतो, एखादा स्वर गाळूनही तो समूह ओळखू येतो. जँगो रेनार्ट (१९१०–१९५३) याच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ साली आगीत जायबंदी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर त्याने एकल वादनाची जी रीत बसवली तिचे अनुकरण धडधाकट हातांचे वादक करत आले. आणि गिटार आडवे ठेवून तारेवरून धातूचा तुकडा फिरवण्याची हवाई बेटांची पद्धत आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनी रागदारीत रुजवली. तीत बोटांच्या लांबीचा प्रश्नच येत नाही. सत्य सांगणे म्हणजे दार लावणे नव्हे. कोणते दार अरुंद आहे आणि कोणते मोकळे, हे दोन्ही सांगितले तरच सत्य पुरे होते.

येथे एकलव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. अंगठा दिल्यानंतरही तो उरलेल्या बोटांनी बाण सोडीत राहिला, असे महाभारत सांगते. पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, हेही तेच महाभारत सांगते. आपण बहुधा पहिल्या अर्ध्यावर थांबतो. शिष्याचे धैर्य गाऊन आपण आनंदतो, आणि त्या धैर्याने गुरूचे ऋण फिटले असे नकळत मानतो. ते फिटत नाही. कोणी जिद्दीने पुढे गेला, म्हणून त्याची वाट अडवणारा निर्दोष ठरत नाही. द्रोणाने निदान विद्या डोळ्यांनी पाहून मग अंगठा मागितला. आपण तर पोराने पहिला बाण लावण्यापूर्वीच तो मागतो, आणि वर त्यास प्रेमळ सल्ला म्हणतो.

असो. लहान गिटार घरात आले त्याला आता वर्ष होत आले. आमची भाची काही मोठी वादक होईल असे दिसत नाही, आणि तसे व्हावे म्हणून आम्ही हा खटाटोप केलाही नाही. तिला चार गाणी येतात; पाचव्यात ती अडखळते, आणि तो दोष आता संपूर्णपणे तिचा आहे, हे तिलाही ठाऊक आहे. स्वतःच्या चुकीवर स्वतःची मालकी असणे हाही शिकणाराचा एक हक्कच आहे.

परवा सूर जुळवताना तिने मान वर न करता विचारले, “मामा, त्या दिवशी तुम्हीही मान हलवली होतीत ना?” आम्ही हो म्हटले. त्यापुढे सांगण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. ती म्हण आम्ही टाकून दिलेली नाही. ती पुष्कळदा खरी असते. परंतु ती उच्चारण्यापूर्वी अंगण मोजून पाहण्याची जबाबदारी नाचणाराची नव्हे, म्हण उच्चारणाराची आहे, एवढे आम्ही त्या आठ मिलिमीटरांकडून शिकलो.