हातांची बोली आणि तिचे प्रमाणरूप

'भाषा' हा शब्द ज्या 'भाष्' धातूपासून आला त्याचा अर्थच 'बोलणे' असल्यामुळे आवाजाविना भाषा ही कल्पना दीर्घकाळ विसंगत वाटत राहिली आणि कर्णबधिरांच्या हातवाऱ्यांना मराठीत 'खाणाखुणा' या शब्दापलीकडे नाव मिळाले नाही. हा समज केवळ इकडचा नव्हता. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने मौखिक पद्धत, म्हणजे ओठांच्या हालचाली वाचायला आणि आवाजी बोलायला शिकवण्याची पद्धत, खुणांपेक्षा श्रेष्ठ ठरवली, आणि पुढे भारतातील बहुतेक मूकबधिर विद्यालयांतही तीच रुजली.

भाषा वाढली ती वर्गाबाहेर, वसतिगृहात. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. मुखेड किंवा अहमदपूर तालुक्यातील गावात असे मूल एकटेच असेल, तर भाकर, पाणी, म्हैस यांसाठी ते घरच्यांसोबत काही खुणा ठरवते, पण उंबरठ्यापलीकडे त्या कोणाला कळत नाहीत. नांदेड-लातूरकडच्या निवासी विद्यालयांत अशी मुले एकत्र आली की या विखुरलेल्या खुणा एकमेकींवर घासल्या जातात, काही गळतात, काही टिकतात, आणि थोरल्यांकडून उचललेल्या खुणांना धाकटी मुले नकळत नियमांत बसवतात. निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या अखेरीस शाळेत जमलेल्या मुलांनी अशीच एक नवी भाषा घडवली, आणि तेथेही व्याकरणाची गुंतागुंत वाढवली ती नंतर आलेल्या लहानग्यांनी.

या व्यवहाराला भाषाशास्त्राने उशिराच दाद दिली. १९६० मध्ये विल्यम स्टोको यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेतील खूण हाताचा आकार, स्थान आणि हालचाल अशा घटकांत उलगडून दाखवली. भारतात मदन वसिष्ठ आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात खुणांचा अभ्यास सुरू केला, आणि पुढे उल्रिके झेशान यांना दिल्ली व कराची येथील शब्दसंग्रहांत फरक असूनही व्याकरण मुळात एकच आढळले. हे व्याकरण मराठीची नक्कल नव्हे: 'तू काय खाल्लेस' या प्रश्नातील 'काय' या भाषेत वाक्याच्या शेवटी येते. खुणा मात्र भोवतालच्या जीवनातून येतात, म्हणून नाकाच्या बाजूला टेकलेली तर्जनी, जिथे चमकी असते, 'स्त्री' सांगते आणि मिशीची खूण 'पुरुष'.

२०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आणि २०२१ पर्यंत त्याच्या कोशात दहा हजार शब्द जमले. हे काम मोलाचेच आहे, कारण दुभाषा आणि पाठ्यपुस्तक यांना समान आधार लागतो. परंतु मराठवाडी बोलीला वर्गात अशुद्ध ठरवले जाणे ज्या प्रदेशाने सोसले, त्याला प्रमाणीकरणाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेच्या देशव्यापी प्रमाणीकरणासोबत स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखून शक्य तेथे त्या शिकवाव्यात असेही म्हटले आहे. कंधारची किंवा उदगीरची खूण कोणती, हे ठरवण्याचा अधिकार तेथे राहणाऱ्या कर्णबधिरांकडे राहिला, तरच त्या वाक्याला अर्थ आहे.