कथेतली चेटकीण आणि वस्तीतली म्हातारी



सुट्टीत आपली मुले वाचनालयातून पुस्तके आणतात. त्यात चेटकिणींच्या भयकथांचा एखादा संग्रह हमखास असतो. थोरली वाचते, धाकटी गोधडी ओढून ऐकतात, आणि मग मोरीकडे एकटे जायला कुणी धजत नाही. तेव्हा आईबाप विचारतात, "आपण आता बौद्ध झालो. असली पुस्तके घरात असावीत काय?"

वाचू द्या, पण वाचून झाल्यावर मुलांपाशी बसा. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, कारण तो ग्रंथ आपल्या जगण्यावर कायदा म्हणून लादला गेला होता. भयकथा हा कायदा नव्हे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथा घटकाभर घाबरवतात. पुस्तक मिटले की खेळ संपतो. ते भय आपण उंबरठ्याबाहेर नेतो, तेव्हा मात्र घात होतो.

मुलांना विचारा, गोष्टीतली चेटकीण कशी असते? बहुधा म्हातारी, एकटी, गावकुसाच्या कडेला राहणारी. तिच्या बाजूने बोलणारे कुणी नसते. आता जगाकडे पाहा. नंदुरबारकडे सातपुड्यात बाईला 'डाकीण' ठरवतात, तीही बहुधा अशीच. पोर तापाने फणफणले, म्हैस आटली, की भगत बोट दाखवतो. कधी तिच्या नावावरचा जमिनीचा तुकडाही कुणाच्या डोळ्यांत सलत असतो. अमेरिकेत सालेम येथे 1692 साली चेटुकाच्या आरोपावरून 19 माणसांना फाशी दिले. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात 2021 साली भानामतीच्या संशयावरून दलित माणसांना बांधून मारले. त्यांत वृद्धही होते.

बंधूंनो, गावात ढोर मेले की महारांनी विष घातले, हा आळ आपल्या आज्यापणज्यांनी सोसला. त्यांच्याच नातवंडांनी आज दुसऱ्या दुबळ्यावर तसाच आळ घ्यावा काय?

भय भगवंतांनाही ठाऊक होते. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात ते जाणुस्सोणी ब्राह्मणाला आपला अनुभव सांगतात. बोधी लाभण्यापूर्वी ते लोक ज्यांना भितात अशा रानातल्या जागी रात्री मुद्दाम राहिले. हरीण आले, मोराने काटकी मोडली, वाऱ्याने पाला सळसळला, आणि मनात भय उठले. ते पळाले नाहीत. चालत असताना भय आले तर चालतच राहिले, बसले असताना आले तर बसूनच राहिले, भय मावळेपर्यंत. त्यांनी मंत्र घातला नाही की कोंबडे कापले नाही. आवाज कशाचा, हे पाहिले.

आपल्या घरात काय दिसते? भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि पोराच्या दंडाला ताईत. सकाळी पंचशील, आणि रात्री गुपचूप भगताची पायरी. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरील विश्वासाला अधम्म म्हटले आहे. अशा विश्वासाने माणसाची शोधक बुद्धी मरते, हे त्यांनी तिथे दाखवून दिले.

कायदाही आपल्या पाठीशी आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच वर्षी, 20 ऑगस्ट 2013 रोजी, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. ही किंमत विसरू नका.

म्हणून लेकरू तापले तर सरळ दवाखाना गाठा. वस्तीत कुणी म्हातारीकडे बोट दाखवले, तर आपण तिच्या दारात जाऊन बसा. मुलांनाही बरोबर न्या. पुस्तकातली चेटकीण पुस्तकात राहील, आणि म्हातारी आपल्या घरात निर्भय झोपेल. प्रज्ञा, शील आणि करुणा यांचे पालन याहून वेगळे नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!