श्रोत्याचा हक्क आणि कलावंताचे वचन

पंक रॉकमधील एखाद्या ज्येष्ठ बँडचा नवा अल्बम प्रसिद्ध होतो तेव्हा चाहत्यांकडून प्रायः दोन आरोप ऐकू येतात. हे लोक बदलले, हा पहिला; हे लोक अजून तेच ते वाजवीत आहेत, हा दुसरा. दोन्ही आरोप एकाच अल्बमवर आणि क्वचित एकाच श्रोत्याकडून होतात. मात्र त्यांची जात एक नव्हे. दुसऱ्या आरोपाची भाषा आस्वादाची आहे: पुनरुक्ती, थकवा, साचलेपण. पहिल्याची भाषा नीतीची आहे: विश्वासघात, विकले जाणे. कादंबरीच्या वाचकाला आवडत्या लेखकाची नवी कृती निराश करते, पण लेखकाने आपल्याला फसविले असे तो सहसा म्हणत नाही. पंकचा श्रोता नेमके तेच म्हणतो. ही केवळ भावविवशता आहे, की कलावंतावर खरोखर काही नैतिक दावा तीत दडलेला आहे, हा येथील प्रश्न आहे.

हा दावा उपजला कशातून, हे पंकच्या जन्मकथेतून कळते. 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडन येथे हे संगीत उभे राहिले ते प्रस्थापित रॉकमधील एका अंतराविरुद्ध. प्रचंड मैदान, दूरवरचा तारा, दीर्घ वादनकौशल्य आणि खाली उभा असलेला निमूट समुदाय ही रचना त्याने नाकारली. तीन स्वरमेळ येणाऱ्या कोणालाही गाणे करता येते, हा त्याचा आग्रह होता. डिक हेब्डिज यांनी 1979 मधील आपल्या ग्रंथात उपसंस्कृतींची शैली ही अर्थवाहक कृती असल्याचे दाखविले. त्या दृष्टीने पाहता पंकचा कर्कश वेग हा अलंकार नव्हता, तर वादक आणि श्रोता यांच्यातील विशिष्ट नात्याची ती खूण होती. हस्तपत्रिका छापणारा, कार्यक्रम भरविणारा, पाहुण्या बँडला घरात झोपायला जागा देणारा श्रोता केवळ ग्राहक नसतो. त्याने जे उभारले त्यात त्याचा वाटा असतो, आणि वाट्यातूनच हक्काची भाषा येते.

हा हक्क कुठवर पोहोचतो हे तपासण्यास लॉस एंजलिसच्या 'बॅड रिलिजन'चे उदाहरण उपयुक्त आहे. 1980 मध्ये शाळकरी मुलांनी स्थापन केलेल्या या बँडचा पहिला अल्बम 1982 मध्ये आला आणि त्याने हार्डकोअर पंकच्या श्रोत्यांत नाव मिळविले. 1983 मध्ये आलेल्या 'इन्टू द अननोन' या दुसऱ्या अल्बममध्ये मात्र सिंथेसायझर, संथ लय आणि लांबलेली गाणी होती. म्हणजे पंकने ज्या संगीताविरुद्ध बंड केले त्याचेच संस्कार होते. ध्वनिमुद्रण चालू असतानाच बास वादक बँड सोडून गेला. श्रोत्यांनी अल्बम नाकारला, बँड विस्कळीत झाला, आणि 1985 मध्ये आलेल्या छोट्या ध्वनिमुद्रिकेचे नाव होते 'बॅक टू द नोन'. अज्ञातात टाकलेले पाऊल मागे घेतल्याची ही जाहीर कबुली होती.

हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे अपेक्षांच्या क्षितिजाचा भंग झाला. परंतु अपेक्षाभंग म्हणजे वचनभंग नव्हे. अल्बम बँडच्या स्वतःच्या 'एपिटाफ' कंपनीनेच काढला होता. कोणत्याही मोठ्या भांडवलाने तो मागितला नव्हता. बाजाराचा विचार केला असता तर असा अल्बम निघालाच नसता. ज्या मनस्वीपणाची पंकने शिकवण दिली त्याच मनस्वीपणाने विशीच्या उंबरठ्यावरील मुलांनी एक अव्यवहारी धाडस केले, आणि त्यांना शिक्षा झाली ती पंकच्या नावाने. येथे श्रोत्यांनी खूण जपली आणि खुणेमागील आशय सोडून दिला.

याच्या उलट उदाहरण 'जॉब्रेकर'चे. मोठ्या कंपनीशी करार करणार नाही, असे या बँडने जाहीरपणे सांगितले होते. 1995 मध्ये 'डिअर यू' हा अल्बम आला तो गेफेन समूहाच्या डीजीसी या कंपनीकडून. नवी गाणी चालू असताना काही श्रोते रंगमंचाकडे पाठ करून बसले. 1996 मध्ये बँड संपुष्टात आला. या चाहत्यांच्या रागात ध्वनीविषयीची तक्रार होतीच. नितळ ध्वनिमुद्रण आणि आवाजातील कमी झालेला खरखरीतपणा त्यांना खटकला. पण त्या तक्रारीखाली दुसरे काही होते: दिलेला शब्द मोडला गेला होता. अशा शब्दाचे मोल भावनिक नव्हते. बर्कली येथील 924 गिलमन स्ट्रीटसारखी स्वयंसेवकांनी चालविलेली जागा मोठ्या कंपन्यांच्या बँडना प्रवेश नाकारीत होती, कारण गर्दी खेचणारे बँड निघून गेले की अशा जागांच्या अस्तित्वाचाच प्रश्न निर्माण होतो. म्हणजे येथे झालेली हानी अभिरुचीची नसून एका सामायिक व्यवस्थेची होती.

कालांतराने दोन्ही अल्बमचे पुनर्मूल्यन झाले. 'डिअर यू' 2004 मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला आणि पुढील पिढीच्या श्रोत्यांचा लाडका ठरला. 2017 मध्ये बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा त्याचे स्वागत झाले. दीर्घकाळ अनुपलब्ध असलेला 'इन्टू द अननोन' 2010 मध्ये बँडच्या तबकड्यांच्या संचात समाविष्ट झाला. यावरून काळाने चाहत्यांना खोटे ठरविले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. गाणी चांगली होती, हे सिद्ध झाल्याने शब्द मोडला नव्हता हे सिद्ध होत नाही. विसरली गेलेली तक्रार म्हणजे उत्तर मिळालेली तक्रार नव्हे. तसेच शब्द मोडला होता म्हणून गाणी वाईट ठरत नाहीत. 1995 च्या श्रोत्याने नैतिक आरोप आस्वादाच्या पुराव्याने मांडला. आजचा रसिक नैतिक दोषमुक्ती आस्वादाच्याच पुराव्याने देतो. चूक एकच, फक्त दिशा बदललेली.

यावर आक्षेप असा घेता येईल की पंकमध्ये ध्वनी आणि नाते यांची फारकत करताच येत नाही. खूण बदलली की नाते बदलतेच. आक्षेपात तथ्य आहे, पण तो जे सिद्ध करू पाहतो ते सिद्ध होत नाही. ध्वनीतील बदल संशयाला पुरेसे कारण आहे, निवाड्याला नाही. गाणे कोणी, कोणाच्या पैशाने, कोणासाठी आणि कोणाला बाजूला सारून केले, हे विचारण्याचा हक्क श्रोत्याला आहे. ते कसे वाजावे हे ठरविण्याचा नाही.

उरतो प्रश्न दीर्घायुष्याचा. 'बॅड रिलिजन'ने 1988 च्या 'सफर'मध्ये जी घडण सिद्ध केली, अर्ध्या तासाच्या आत पंधरा गाणी, ती पुढे फारशी सोडली नाही. 1994 च्या सुमारास तेही 'अटलांटिक' या मोठ्या कंपनीकडे गेले. 2001 मध्ये 'एपिटाफ'कडे परतले, तेव्हा ते परतणे घरवापसीसारखे साजरे झाले. 2019 चा सतरावा अल्बम 'एज ऑफ अनरीझन' हाही त्याच घडणीचा आहे. 'अजून तसेच आहेत' ही चाहत्यांची दाद येथे सर्वोच्च प्रशस्ती ठरते. आरोपापेक्षा ही दाद अधिक तपासली पाहिजे. अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या रसविघ्नांपैकी एक आहे 'निजसुखादिविवशीभाव': स्वतःच्याच सुखदुःखात गुंतल्याने समोरच्या कृतीपर्यंत न पोहोचणे. नव्या अल्बममध्ये स्वतःची सतरा वर्षे शोधणारा श्रोता याच विघ्नाने ग्रस्त असतो. साठीकडे झुकलेल्या माणसांनी आपल्या तारुण्याचे साक्षीदार होऊन उभे राहावे, ही त्याची मागणी असते. आणि ती नाकारली गेली की तो तिला विश्वासघात म्हणतो.

ही साक्ष देण्यास कलावंत बांधलेला नाही. त्याने शब्द दिला असेल तर तो पाळण्यास मात्र बांधलेला आहे, आणि श्रोत्यांच्या त्या तारुण्याचे भांडवल न करण्यासही. श्रोत्याकडूनही काही येणे आहे: निवाड्यापूर्वी ऐकणे. 1983 मध्ये ते ऋण थकले. सत्तावीस वर्षांनी तबकडी पुन्हा उपलब्ध झाली; पण त्या धाडसातून पुढे काय निघाले असते, हे कळण्याची संधी तेवढ्याने परत मिळाली नाही.