निद्रेला माहूर

शक्तिपीठ महामार्गावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झालं आहे. पवनार ते पत्रादेवी, सुमारे ८०२ किलोमीटर, अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर, हे समर्थकांचं पालुपद. विरोधक जमिनीचं बोलतात. तो प्रश्न खरा आहे आणि त्यात मी शेतकऱ्यांच्या बाजूने आहे, पण आजचा विषय तो नाही. ज्या देवस्थानांच्या नावाने हा रस्ता आखला जातो, तिथे जाणं म्हणजे नेमकं काय, याबद्दल दोन्ही बाजूंचं छान एकमत आहे. लवकर पोचायचं, दर्शन घ्यायचं, निघायचं. भांडण एवढंच की त्यासाठी नवा रस्ता हवा की आहे तो पुरे.

वेगाचंच म्हणाल तर माहूरला त्याचं अप्रूप नसावं. दत्तात्रेयांचा दिनक्रम आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. (स्नानाचं ठिकाण सांगणाऱ्यागणिक बदलतं, निजेचं बदलत नाही.) इतका पल्ला एका दिवसात गाठून देणारा सहापदरी रस्ता अजून कुणी बांधलेला नाही. पण एवढ्या वेगवान देवाच्या दिनक्रमात माहूरच्या वाट्याला काय आलं? मुक्काम. इथे देव दर्शनाला येत नाही, निजायला येतो. आपण मात्र रेणुका, दत्त, अनसूया ही तिन्ही शिखरं एका दुपारी उरकून अंधाराआधी नांदेड गाठतो.

हे सुचलं ते सायकलीच्या निमित्ताने. रविवारच्या पुरवण्यांत अलीकडे एक लेख हमखास असतो. फ्रान्समधला द्राक्षमळ्यांचा मुलूख, दगडी चर्चची जुनी गावं, मोटार औषधालाही नाही असा रस्ता आणि त्यावरून रमतगमत निघालेले सायकलस्वार. शेवटचा परिच्छेद ठरलेला: आपल्याकडे असं कुठे? मग मागणी येते की पर्यटनाच्या आराखड्यांत स्वतंत्र सायकलमार्ग बांधा. मे २०२५ मध्ये माहूरगडाच्या विकास आराखड्याला ८२९ कोटींची मंजुरी मिळाल्यापासून असल्या सूचनांना जोर चढला तर नवल नाही. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत मारण्याच्या ब्रेव्हे-फेऱ्या करणाऱ्यांशी माझा वाद नाही, त्यांना रस्त्यापेक्षा घड्याळ प्यारं. सायकल हे गरिबाचं वाहन म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी दुकानात जाऊन एकदा किंमत विचारावी. पण हा स्वतंत्र मार्गाचा आग्रह सहज सोडून देण्यासारखा नाही. तो सज्जन माणसं धरतात, आणि त्यात निवांतपणाविषयीची एक मोठी गैरसमजूत दडलेली आहे.

आधी त्यांचाच दाखला तपासू. फ्रान्सच्या बर्गंडीत जीव्रीपासून क्लुनीपर्यंतचा जो वाहनमुक्त मार्ग १९९७ मध्ये खुला झाला, तो मुद्दाम आखून बांधलेला नव्हता. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढले आणि त्या पट्टीवर सायकली आल्या. बोनपासून सांतनेपर्यंत द्राक्षमळ्यांतून जाणारी वाट तर सरळसरळ शेताची वाट आहे. मळेवाल्यांचे ट्रॅक्टर तिच्यावरून आजही जातात, आणि सायकलवाला बाजूला होऊन त्यांना वाट देतो. म्हणजे ज्याचं कौतुक होतं ती शांतता कुणी निविदा काढून विकत घेतली नव्हती. एका ठिकाणी ती गाडी गेल्यावर उरली, दुसऱ्या ठिकाणी शेतीने राखली.

रेल्वेचा कित्ता आपण गिरवू नये असंच मी म्हणेन. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला बंद पडली आहे, रुळांत गवत आहे, आणि तिथे सायकलमार्ग करा म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच. पण ज्या लोकांची गाडी गेली ते अजून ती गाडीच मागत आहेत. त्यांच्या गरजेच्या जागी आपली सहल मांडणं बरं दिसत नाही.

शेताच्या वाटांची मात्र नांदेड-माहूरकडे वाण नाही. पाणंद रस्ते आहेत, शिवेवरच्या गाडीवाटा आहेत, इसापूर धरणाच्या कालव्यांचे सेवारस्ते आहेत, आणि इस्लापूर, किनवट, मांडवी, वाई बाजार या पट्ट्यात सागाच्या जंगलातून गावं जोडणारे ग्रामीण मार्ग आहेत. त्यांची अवस्था मी रंगवून सांगणार नाही. साइडपट्टी खचलेली असते, गिट्टी उखडलेली असते, सराट्याचा काटा टायरमधून आरपार जातो आणि पंक्चरचं दुकान पुढच्या फाट्यावर. उन्हाळ्यात सागाला पानं नसतात, तेव्हा जंगल असूनही सावली नाही. दुपारी बारानंतर या रस्त्यावर सायकल चालवावी असं मी कुणालाही सुचवणार नाही. पण मोटारी तुरळक असाव्यात हीच अट असेल तर ती इथे पैसा न खर्चता पुरी होते.

तरीही स्वतंत्र मार्गवाल्यांचं समाधान होत नाही, कारण त्यांना मोटारी नकोत एवढंच नसतं. शेळ्याही नको असतात. बैलगाडी, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर तिघी-तिघी जोडीने रस्ता अडवून शाळेला निघालेल्या मुली, हे सगळं त्यांच्या हिशेबी अडथळ्यात जमा. इथे माझं डोकं फिरतं. त्या मुली या रस्त्यावरच्या मूळच्या सायकलस्वार. त्यांच्यापासून सायकलवाल्याला वाचवणारा मार्ग बांधायचा म्हणजे काय करायचं?

रस्त्यावरच्या माणसांचे माझ्या मते दोनच प्रकार. ज्यांची रात्र याच रस्त्यावरच्या गावात जाणार आहे ते, आणि ज्यांची रात्र दुसरीकडे कुठे ठरलेली आहे ते. वाहन कोणतं, वेग किती, आवाज किती, हे सगळं नंतरचं. गुराखी पहिल्यांतला, शाळकरी मुली पहिल्यांतल्या, आणि संध्याकाळी गावात येऊन पारापाशी उभी राहणारी, पहाटे परत निघणारी मुक्कामी एसटी धूर सोडत असली तरी पहिल्यांतलीच. तिचा ड्रायव्हर वळणावर हॉर्न वाजवतो तो ओळखीच्या माणसाला वाजवतो. गजबज या लोकांची असते, पण रस्ता बेचैन होतो तो दुसऱ्यांमुळे. त्यांना हे गाव लागतं ते मध्ये लागतं म्हणून, आणि मध्ये लागणाऱ्या कशाचाही राग येतो.

सायकलचं मोल मला यात वाटतं. ती माणसाला सुधारत नाही, असल्या भाबड्या दाव्यांवर माझा विश्वास नाही. तिला फक्त लांब जाता येत नाही. नांदेड-माहूर अंतर मोटारीला एका बैठकीचं आहे. सामान लादलेल्या सायकलीला, चढउतार आणि ऊन धरून, मध्ये कुठेतरी रात्र काढावीच लागते, आणि ती रात्र ज्याची कुणी जाहिरात केली नाही अशा गावात पडते. उलट बाजूने हेही मान्य करतो, कारण सायकलभक्त म्हणून हिणवून घ्यायची हौस नाही: मोटारीतून येऊन वाटेवरच्या सारखणीला राहिलेला माणूस पहिल्यांतला, आणि गाडीच्या टपावर सायकल बांधून आणून, गडाखाली चाळीस किलोमीटर फिरवून रात्रीचं हॉटेल गाठणारा दुसऱ्यांतला.

माहूरच्या परंपरेला हा भेद नवा नाही. हे स्थान महानुभावांचंही. त्या पंथाच्या स्थानपोथीत चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे राहिले त्या जागांची नोंद आहे. मधल्या वाटेला त्या ग्रंथात फारसं मोल नाही, थांबण्याला आहे. जुनी गावं पाहायला क्लुनी गाठणाऱ्या मराठी माणसाने एकदा ती पोथी उघडावी. मध्ययुगीन गावांची यादी आपल्याकडे सातशे वर्षांपासून तयार आहे.

द्राक्षांचं काय? इकडे द्राक्षमळ्यांचा मुलूख नाही. मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाचोळा झाडून जागा साफ केलेली दिसते. फुलं पहाटेआधी गळतात, फिकट, मांसल, रसाने जड. उजाडायच्या आत गोंड, कोलाम, आंध घरांतली बायापोरं टोपल्या घेऊन वेचायला बसतात, आणि झाड नजरेला पडण्याआधी त्याचा गोड, किंचित आंबूस वास रस्त्यावर येऊन पोचलेला असतो. मोटारीच्या बंद काचेला तो कळत नाही. द्राक्षाच्या मद्याला राज्याने २००१ मध्ये धोरण दिलं, जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात जागा देण्यापर्यंत मंत्रिमंडळ गेलं. मोहाच्या मद्याची ओळख मात्र हातभट्टी आणि १९४९ चा दारूबंदी कायदा. मी दारूची वकिली करत नाही, त्या भट्ट्यांनी मोडलेले संसार याच तालुक्यांत आहेत. पण एक मद्य पर्यटकाला पेल्यातून चाखायला मिळतं आणि दुसऱ्यावर धाड पडते, यात चवीचा न्याय किती आणि पिणाऱ्याच्या जातीपातीचा किती, हे नाशिकच्या मळ्यांत छायाचित्रं काढणाऱ्यांनी सांगावं.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो स्वतंत्र मार्गवाल्यांनी कधी घेतलेला नाही. मुक्काम म्हणजे कुणाच्या तरी घरी मुक्काम. देव निजायला येतो तेव्हा त्याच्यासाठी चूल पेटवावी लागत नाही. सायकलवाला तिन्हीसांजेला दारात उभा राहतो तेव्हा दिवसभर रानात राबलेली बाई पुन्हा परातीत पीठ घेते. बाजेवर बसून निवांतपणाचं कौतुक करणारा तो, आणि त्या कौतुकाची किंमत चुलीपुढे मोजणारी ती. ‘अतिथी देवो भव’ म्हणून हे झाकण्यात अर्थ नाही. आराखड्यातल्या कोट्यवधींतून सायकलींसाठी काही करायचंच असेल तर रंगीत पट्टे नकोत. किनवट-माहूरच्या गावांतल्या बचत गटांना एकेक खोली, एक संडास-न्हाणी आणि नळाला पाणी द्यावं, भाकरी-पिठल्याचा आणि रात्रीच्या जागेचा दर गटाने ठरवून दारावर लिहावा, आणि तो पैसा गटाच्याच खात्यात जावा, सरपंचाच्या किंवा घरधन्याच्या हातात नाही. दर चढा वाटला तर सायकलवाल्याने पुढचं गाव बघावं. अंधार पडायला आला असेल, तर मात्र घासाघीस करू नये.