आधीं शिष्य, मग उपदेशक

वाचन: १ करिंथ. १४:९



अदोनीराम जडसन व त्यांची पत्नी ॲन हीं अमेरिकेहून सेवेसाठीं निघून सन १८१३ च्या जुलई महिन्यांत ब्रह्मदेशांतील रंगून येथें उतरलीं. पंडिताला इंग्रजी येत नव्हती. ह्यांना त्या देशाची भाषा येत नव्हती. म्हणून वस्तूकडे बोट दाखवावें, पंडितानें तिचें नांव सांगावें, आणि पदवीधर जडसननीं लेंकराप्रमाणें तें घोकावें, असा क्रम चालला. पहिला बाप्तिस्मा होण्यास सहा वर्षें लागलीं. तो सन १८१९ मध्यें मौंग नौ ह्याला मिळाला. संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर तर सन १८३४ मध्यें पुरें झालें.

तीं सहा वर्षें व्यर्थ गेलीं काय? मुळींच नाहीं. जो स्वतः देवाचा शब्द, तो प्रभु नासरेथांत आईजवळ बोलावयास शिकला. मग त्याच्या सेवकाला शिकण्याची लाज कां वाटावी?

उपदेशक बंधूंनो, आपण परदेशीं गेलों नाहीं. तरी विद्यालयांतील ग्रंथांची भाषा बोलून आपल्याच लोकांत परके होतों. मीहि झालों आहें. एकदां उपासना आटोपल्यावर एक वृद्ध भगिनी मला म्हणाली, “बाबा, बोललासा ग्वाड, पर आमच्यासंगं न्हाई.” त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

तेव्हां शेतांत, विहिरीवर, आजाऱ्याच्या खाटेजवळ आधीं ऐका, मग बोला. प्रभु आपल्या कानांस व जिभेस आशीर्वाद देवो. आमेन.