फिरत्या तज्ज्ञाची जबाबदारी

दंतवैद्यकातला तज्ज्ञ कोणाला म्हणायचे, ही चर्चा आपल्याकडे पदवीपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. पाच वर्षांचे बीडीएस, त्यावर तीन वर्षांचे एमडीएस, नऊ मान्य शाखा, राज्य दंत परिषदेकडे नोंद. त्यापुढे इंडियन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्ससारखी, ज्याला हवी त्याने द्यावी अशी परीक्षा. ही चाळणी हवीच. पण तिच्यातून एवढेच कळते की या माणसाला हे काम येते. काम बिघडले तर तो रुग्णाला कुठे भेटेल, हे तिच्यातून कळत नाही. इचलकरंजीला लागून असलेल्या, यंत्रमागांवर जगणाऱ्या कबनूरसारख्या गावात तर हाच प्रश्न पहिला आहे. अशा गावांत तज्ज्ञाची स्वतःची पाटी क्वचितच असते. तो ठरलेल्या दिवशी दुसऱ्याच्या दवाखान्यात येतो, रूट कॅनाल करतो, तारा बसवतो किंवा अक्कलदाढ काढतो आणि पुढच्या गावी निघून जातो. रुग्ण त्याला ‘मोठे डॉक्टर’ म्हणून ओळखतो. नाव विचारायचे धाडस सहसा करत नाही. माझे म्हणणे असे की तज्ज्ञांच्या आचारसंहितेचा कस या फिरत्या तज्ज्ञावर लागतो, आणि आजची आपली संहिता नेमकी तिथेच अपुरी पडते.

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भारतीय कायद्याचा पाया घालणारा एक खटला आपल्याच मातीतला आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर आनंद नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले गेले आणि तिथे उपचारानंतर त्याचा मृत्यू झाला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार करायचा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो उपचार काळजीपूर्वक करणे. ही तिन्ही कर्तव्ये एकाच डॉक्टरची, असे इथे स्वाभाविकपणे गृहीत धरले आहे. फिरत्या तज्ज्ञाच्या व्यवस्थेत त्यांची वाटणी होते. रुग्ण हाती घेतो दवाखान्याचा मालक. दाढ वाचवायची की काढायची, हेही पुष्कळदा त्यानेच आधी ठरवलेले असते, कारण तज्ज्ञ येण्यापूर्वी वेळ दिलेली असते आणि पैसेही सांगून झालेले असतात. तज्ज्ञाच्या वाट्याला उरते ते हाताचे कौशल्य. त्याने खुर्चीपाशी येऊन एक्स-रे पाहिला आणि ‘ही दाढ टिकणार नाही, यावर खर्च करू नका’ असे त्याचे मत झाले, तर ते रुग्णासमोर बोलण्याची मोकळीक त्याला आहे का? ती नसेल, तर त्याची पदवी कितीही खरी असली तरी त्या क्षणी तो तज्ज्ञ म्हणून वागत नसतो. तो कारागीर म्हणून वापरला जात असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन नळ्या असतात. त्या साफ करायला निकेल-टायटॅनियमच्या केसासारख्या बारीक फाइली वापरतात. वाकड्या नळीत फाइल कधी कधी तुटते आणि तुकडा आत राहतो. उत्तम हातांकडूनही हे घडते, आणि तेवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. तुकडा आत असूनही अनेकदा दाढ वर्षानुवर्षे टिकते. दोष सुरू होतो तो पुढे. तज्ज्ञाने तेव्हाच रुग्णाला एक्स-रे दाखवून काय झाले ते सांगितले, केसपेपरवर लिहिले, पुन्हा कधी तपासायचे ते ठरवले, तर त्याचे वर्तन निर्दोष आहे. पण तो परगावचा. रुग्णाला सांगितले तर मालकाचे गिऱ्हाईक बिथरेल, पुढच्या आठवड्यात आपल्याला बोलावणे येणार नाही, अशी भीती त्याला असते. मालकाला वाटते, केले त्याने, सांगेल तो. चार दिवसांनी गाल सुजतो, मालक प्रतिजैविकाच्या गोळ्या देतो, सूज उतरते, आणि त्या दाढेत काय आहे हे रुग्ण सोडून दोघांनाही ठाऊक असते. मला या व्यवस्थेतली सर्वात गंभीर नैतिक चूक हीच वाटते. खोटे कोणीच बोललेले नसते, पण खरे सांगणे कोणाचे काम हे ठरलेलेच नसते.

याहून मोठी हानी एका दाढेपुरत्या नजरेने होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण धूरविरहित तंबाखू वापरतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मावा आणि मिश्री गेलेली नाही. रात्रपाळीला मागावर जागे राहण्यासाठी गालात मावा धरणारा कामगार दाढदुखीने खुर्चीत बसतो, तेव्हा त्याचे तोंड किती उघडते, गालाची आतली त्वचा पांढरी आणि ताठ झाली आहे का, हे पाहायला मिनिटही लागत नाही. सुपारीमुळे होणाऱ्या या विकाराचे वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच केले होते, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो हेही आता सर्वमान्य आहे. रूट कॅनालचा तज्ज्ञ म्हणेल, मुखरोग ही माझी शाखा नव्हे. मालक म्हणेल, मोठ्या डॉक्टरांनी तोंड पाहिलेच की. दोघांच्या मधल्या या फटीत एखाद्याचा जीव जाऊ शकतो. शाखा निवडल्याने उपचाराचे क्षेत्र आखले जाते. समोर दिसणारी धोक्याची खूण सांगण्याचे कर्तव्य त्याने कमी होत नाही.

आता पैशाचे. २०१४ च्या सुधारित आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे-घेणे निषिद्ध ठरवले आहे. यावर मालकांचे म्हणणे असे, आणि ते रास्तही आहे, की खुर्ची, एक्स-रे, निर्जंतुकीकरण, मदतनीस हा सगळा खर्च आमचा. त्याचा वाटा घेणे म्हणजे कमिशन नव्हे. मान्य. पण मग त्या वाट्याला भाडे म्हणावे आणि भाड्यासारखाच तो ठरावीक असावा. उपचाराच्या रकमेवर टक्के ठरले की महागडा उपचार दोघांच्याही फायद्याचा होतो, आणि आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला तो परवडतो का, हे विचारणारा खोलीत कोणी उरत नाही.

दुसरा आक्षेप सामान्य दंतवैद्यांचा. तज्ज्ञांच्या नावाचा असा बाऊ केला तर बीडीएस डॉक्टर दुय्यम ठरेल, ही त्यांची भीती. तसे होता कामा नये. रूट कॅनाल करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि कबनूरला रोज हाताशी असणारा चांगला बीडीएस डॉक्टरच सर्वात उपयोगी आहे. हरकत आहे ती बिरुदांना. इम्प्लांट ही आपल्या नऊ शाखांपैकी एकही नाही, तरी ‘इम्प्लांट तज्ज्ञ’ पाट्यांवर दिसतात. ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिल शाखावार तज्ज्ञांच्या याद्या ठेवते, आणि यादीत नसलेल्याने स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये असा तिथला दंडक आहे. काम करण्यावर मात्र बंदी नाही. अशी रेघ आपल्यालाही आखता येईल.

सर्वात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. नियम कडक केले तर तज्ज्ञ गावात येणेच थांबेल आणि कामगाराला रोजंदारी बुडवून कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागेल. हातकणंगले तालुक्यातच नवे पारगावला दंत महाविद्यालय आहे हे खरे; पण सुजलेला गाल घेऊन एक दिवस जाऊन काम संपत नाही, चार खेपा होतात. म्हणून बंदीची मागणी कोणी करू नये. मागणे फार थोडे आहे. उपचार करणाऱ्याचे नाव, शाखा आणि नोंदणी क्रमांक केसपेपरवर आणि पावतीवर हवा. काय केले याची सही केलेली नोंद आणि एक्स-रे रुग्णाच्या हाती हवा. पुढच्या तक्रारीसाठी दोघांपैकी कोण जबाबदार, हे काम सुरू होण्याआधी लिहिलेले हवे. याला खर्च जवळजवळ नाही. एवढ्यानेच जो तज्ज्ञ येणे थांबवील, त्याच्या न येण्याने गावाचे नुकसान होणार नाही.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा झाला आणि त्यात नीती व नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाने आचारनियम लिहिताना महानगरातले स्वतःचे क्लिनिक नजरेसमोर न ठेवता दुसऱ्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा उभा राहणारा तज्ज्ञ ठेवावा. तोवर वाचकांनी एक करावे: खुर्चीत बसण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव विचारावे आणि ते केसपेपरवर लिहून मागावे.